एकट्यानं पाहिलेला सिनेमा

बादली सापडली ती संडासात, आणि सापडली तीही झाडूवाल्याच्या नाकाला. फरशी धुवायच्या ब्लीचचा वास सकाळी पार जिन्यापर्यंत आला होता. बादलीत एक चाक, चाकावर फिल्म, आणि फिल्मवर काहीच नाही. चित्राचा थर सुटून पाण्यात उतरलेला. त्या भयपटाची जगात प्रत एकच, ती अशी धुऊन निघाली होती. याच फिल्म क्लबात त्या दिवशी सकाळी अकराला तिचा खेळ होता.

फौजदारबाई आल्या. असल्या सिनेमांशी त्यांचा संबंध एवढाच, की नवरा ते हौसेनं लावायचा आणि मग स्वतःच तोंडावर उशी घ्यायचा.

आधी पुतण्याला बोलावलं. दिग्दर्शक काका वारले, माळा उपसताना डबा निघाला, तो यानंच काल दुपारी क्लबात आणून दिला होता.

"तुम्ही बघितला होता?"

"नाही मॅडम. दाखवायचं मशीन कुठंय माझ्याकडे?"

"इथली किल्ली?"

"तिकीटखिडकीमागच्या खिळ्याला. क्लबातल्या सगळ्यांना माहीत आहे."

"खेळ होऊ नये असं कुणाला वाटत होतं?"

पुतण्यानं आवाज खाली आणला. "मावशींना. म्हणजे नायिकेची थोरली बहीण. आधी मला एकटीला दाखव म्हणून मागे लागल्या होत्या. म्हटलं, मावशी, तिकिटं खपलीत, सगळ्यांबरोबर बघा. फार लागलं त्यांना."

दोघं वर प्रोजेक्टरच्या खोलीत गेले. मशीनच्या पुढच्या दांडीवर एक गंजकं चाक होतं. रिकामं.

"हे कुणाचं?"

"आमचंच, डब्यातलं. फिल्म याच्यावरच होती."

"आणि बादलीतलं?"

"ते क्लबाचं. सिनेमा चालतो तसतशी फिल्म आमच्या चाकावरून सुटते नि त्याच्यावर गुंडाळत जाते."

फौजदारबाईंनी रिकाम्या चाकाला बोटानं एक गिरकी दिली आणि खाली आल्या.

मावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"बहिणीचं दुसरं काही नाही तुमच्याकडे?"

"फोटो आहेत. फोटोत धाकटी हलत नाही." मावशींनी पर्सची चेन उघडली, लावली. "शेवटचा शॉट घेताना तिला हसू फुटलं. दिवा मीच धरला होता. मागं भूत उभं, आणि ही हसतेय. फिल्म संपलेली, पुन्हा कुठून घेणार? तसंच ठेवलं. पुढं दोन महिन्यांत गेली ती. मला तेवढं हसू बघायचं होतं हो."

"हे कुणाला बोललात?"

"कुणाला बोलू? सगळे तर घाबरायला येणार होते."

तिसरा कवटी. साठी उलटली तरी अंगात कवटी छापलेला शर्ट, म्हणून हे नाव. चोरीछुपे काढलेल्या भयपटांवर तीस वर्षं लिहीत आलेला. हा सिनेमा एकदाच, एका गॅरेजात दाखवला गेला, आणि त्या प्रेक्षकांतला आता आपण एकटाच उरलोय, हे तो ओळख होताच सांगायचा.

"मोठ्या पडद्यावर भीती नसते, मॅडम, ढोल असतात," तो म्हणाला. "खरी भीती अशा गरीब सिनेमात. दिव्याला पैसे नसतात, म्हणून अंधार तरी अस्सल असतो. आणि तो शेवट. पापणी न लवता रोखलेली तिची नजर. आयुष्यभर त्यावरच तर लिहिलं मी."

"मला यातलं काही कळत नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "पण शेवटी ती बिचारी रडते, हे ऐकून मलाही भरून आलं."

"रडते?" कवटी ताडकन म्हणाला. "कोण म्हणतं रडते? चक्क फिदीफिदी हसते. भुताच्या तोंडावर. उगाच चुकीचं पसरवू नका."

एवढं बोलला. मग शर्टाचं बटण उगाच काढत-लावत बसला.

फौजदारबाईंनी इतर दोघांना जवळ बोलावलं.

"फिल्मचं वाटोळं करायला आलेला माणूस ती डब्यातून थेट बादलीत टाकेल. यानं आधी मशीनवर चढवली, शेवटपर्यंत चालवली. म्हणजे त्याला ती बघायची होती. मावशींनाही बघायची होती, पण त्यांच्या हाती पडली असती तर त्यांनी ती उराशी धरली असती. पुतण्याची तिकिटं खपलेली, त्याला तर खेळ हवाच होता. उरलात तुम्ही. तीस वर्षं लिहिलंत, तिची पापणी लवत नाही. आज म्हणता फिदीफिदी हसते. गॅरेजात बघितला असतात तर तेव्हाच कळलं असतं. तुम्ही तो पहिल्यांदा बघितलात काल."

कवटीनं बटण सोडून दिलं. मग म्हणाला, "गॅरेजाच्या दाराबाहेर होतो. आत जागा नव्हती. आत काय चाललं असेल, ते मनानंच रचलं. फार चांगलं रचलं होतं, मॅडम. आज अकरा वाजता सगळे मला हसले असते."

मावशी उठून त्याच्यासमोर आल्या. "भाऊ, कशी हसली ते सांगा."

"तो शेवट म्हणजे भयपटाच्या शिस्तीचा..."

"मत नको. दिसलं ते सांगा. तोंडावर हात धरला होता का? ती धरायची."

कवटीनं मान खाली घातली. "ती हसायला लागली, तसा मी ब्लीच शोधायला उठलो."

"आणि सिनेमा?"

"चालूच होता. मागं घरघर ऐकू येत होती."

मावशींनी वळून मागच्या खुर्च्या बघितल्या, एकेक रांग करत, अगदी दारापर्यंत.

"धुवायच्या आधी," त्या म्हणाल्या, "निदान बघायचं तरी होतंत."