मधला मोठा तुकडा

शुक्रवारचा कुस्कुस, वाफवलेल्या रव्याच्या कण्यांचा! वाफाळत्या एकाच परातीभोवती तिघी बसल्या होत्या, आणि मधला मांसाचा मोठा तुकडा उचलून आईचा हात नेहमीसारखा इतिमादच्या बाजूला निघाला... आणि वाटेतच वळला! तुकडा धाकट्या रजापुढे पडला.

अकरा वर्षं! अकरा वर्षं तो तुकडा घर ओढणाऱ्या इतिमादचा होता.

"आता हीच जास्त कमावते ना," आई ओशाळून म्हणाली.

तान्जियर शहरातल्या एकाच कारखान्यात दोघी बहिणी कामाला. इतिमाद मोटारींच्या तारांच्या जुळणीवर, दिवसभर उभी; रजा तीन महिन्यांपूर्वी लागलेली तंत्रज्ञ, यंत्रं दुरुस्त करणारी. कालच दोघींचा पगार झाला होता; रजाचा तर उमेदवारी संपल्यावरचा पहिलाच पूर्ण पगार.

"तुला बत्तीसशे, मला चोपन्नशे दिरहम!" रजा खिदळली. "ताई, म्हातारी होईपर्यंत उभी राहिलीस तरी मला गाठायची नाहीस! मला डोकं चालवावं लागतं गं. तुझं काय, तार भोकात खुपसायची, 'टक' ऐकायचं, ओढून बघायची... की पुढची तार!"

"आणि यंत्र बंद पडलं की तुमची वाट बघत आम्हीच ताटकळायचं, बाईसाहेब!" इतिमाद हसली. पण किती थकलेलं हसू ते! भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने कुस्कुसचा गोळा वळायला घेतला, तर तो बोटांतून भुगा होऊन सांडला. पुन्हा वळला... पुन्हा सांडला.

"तान्ह्या बाळासारखी काय सांडतेस?" रजाने तिचा हात धरला, आणि हसू ओठांवरच विरलं. अंगठा सुजून निबर झाला होता. रजाने हळूच नख टोचलं. इतिमादला कळलंसुद्धा नाही!

"ताई... कधीपासून?"

"झाली असतील दोन वर्षं. जेव, गार होतंय."

"मग दुसरं काम का नाही बघितलंस? माझ्यासारखं शिकायचंस ना! मला शिष्यवृत्ती मिळाली तशी तुलाही..."

"कसली शिष्यवृत्ती?" आईचा इतक्या वर्षांचा बांध फुटला. "तुझ्या फीसाठी ही जादा पाळ्या करत होती, पोरी! त्याच तंत्रशाळेत हिचंही नाव लागलं होतं... तुझा बाप गेला त्या वर्षी."

"आई, गप्प बस गं!"

रजाचा चेहरा पांढराफटक पडला. "खोटं का बोललीस, ताई?"

"माझं ओझं उरावर घेऊन तुझा अभ्यास झाला असता होय? तू मान ताठ ठेवून शिकावंस... एवढंच वाटलं."

रजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिने पुढ्यातला तुकडा घेतला, बारीक तोडला, कुस्कुसमध्ये घालून घट्ट गोळा वळला आणि बहिणीच्या ओठांशी नेला.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं. आजारपणाच्या सुट्टीचा दाखला घ्यायचा. मी येते सोबत."

"वेडी का तू? पगार कापतील ना!"

"मग हे चोपन्नशे कुणाचे आहेत?"

इतिमादने घास तोंडात घेतला, डोळे मिटले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती जेवताना मागे भिंतीला टेकून बसली...