दुगुनीतला मुखडा

चैत्राली बुधकरच्या पहिल्या व्हिडिओचा नारळ फुटला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पहिला शॉट लागायची वेळ आली तेव्हा चोवीस. इतका रखडलेला मुहूर्त साऱ्या खटाव तालुक्यात दुसरा नसेल. पण दोष कोणाचाच नव्हता. गाण्याचा मुखडा तीन प्रकाशवर्षं लांब होता, त्याला कोण काय करणार?

मुखडा गाणार होते तिचे वडील, दिगंबरआप्पा. मुलगी सोळा वर्षांची असताना ते एकट्याच्या यानात बसून एका दूरच्या ताऱ्याकडे निघाले. जायला वीस वर्षं, यायला वीस. जाताना पेटी मात्र बरोबर नेली. चैत्रालीनं दोन वर्षांनी अंतरा गाऊन पाठवला आणि खाली निरोप जोडला : ‘आप्पा, मुखडा तुमचाच. नाहीतर व्हिडिओ नाही.’

आज माळावरच्या आकाशकानाखाली, म्हणजे त्या अजस्र रेडिओ-थाळीखाली, कॅमेरे लागले होते. तीन आठवडे यानाच्या नेहमीच्या लहरीवर शुकशुकाट होता, आणि सकाळी भलत्याच लहरीवर गाणं आलं होतं. डॉ. इंदुमती शेलार म्हणजे आकाशकानाच्या प्रमुख. त्यांनी ते लावलं.

भोंग्यातून चिमण्यांचं भांडण ऐकू आलं.

“हे काय?” दिग्दर्शक फिरोज मुल्ला ओरडला. “सहा वर्षं थांबून हे? बाई, तुमचं यंत्र बिघडलंय.”

“माझं यंत्र तुझ्याहून शहाणं आहे,” शेलारबाई म्हणाल्या.

“अगं चैतू,” फिरोज चैत्रालीकडे वळला, “तू त्यांना नेमकं सांगितलंस तरी काय?”

“दुगुनीत गा, आणि वरच्या सप्तकात,” चैत्राली म्हणाली. “मीसुद्धा अंतरा तसाच गायला होता.”

“पण का?”

उत्तर बाईंनी दिलं. “हॉर्न वाजवत गाडी लांब गेली की आवाज उतरतो ना? तसंच. यान प्रकाशाच्या साठ टक्के वेगानं दूर पळतंय. त्या वेगाला हिशेब बरोब्बर बसतो : आवाज एक सप्तक खाली, लय निम्मी. आप्पा दुप्पट वेगानं गायले, तर इथे सरळ ऐकू येणार. पोरीनं अक्कल चालवली होती.”

“मग हे सरळ का नाही?”

बाई यंत्राकडे वळल्या. त्यांनी गाण्याचा वेग निम्म्यावर आणला. अजून किरकिर. पुन्हा निम्म्यावर आणला, आणि दिगंबरआप्पा गाऊ लागले. तोच किंचित खरखरीत गळा, पेटीचा तोच भाता. चैत्राली भोंग्याजवळ सरकली. आठ वर्षांत तिनं हा आवाज फक्त स्वतःच्या डोक्यात ऐकला होता.

“झकास!” फिरोज म्हणाला. “लावा कॅमेरे. उन्हं आहेत तोवर घेऊन टाकू.”

“थांब रे,” शेलारबाई कागदावर आकडे मांडत होत्या. “चौपट. चौपट का? दुप्पट आप्पांची. उरलेली दुप्पट कोणाची?”

फिरोजनं कागदात डोकावून पाहिलं.

“यानाची,” त्या हळूच म्हणाल्या. “दूर जाणारी गाडी आवाज उतरवते. चढवते कोणती?”

चैत्रालीनं मान वर केली. “जवळ येणारी.”

“लहरही म्हणूनच बदलली. आप्पा यान वळवायला विसरले नाहीत बरं का. लय बदलायला विसरले!”

“ते तसेच,” चैत्राली हसता हसता डोळे पुसत म्हणाली. “गाण्यात एकदा सांगितलं की सांगितलं.”

गाण्यानंतर शेपटाला काही शब्द होते. चौपट मंद केल्यावर ते म्हशीच्या रेकण्यासारखे लागत होते. “बोलताना दुगुन कोण लावतो?” म्हणत बाईंनी तेवढा तुकडा फक्त निम्म्यावर ठेवला.

“चैतू,” आप्पा म्हणाले, “अंतरा ऐकला. गंधार चढा लागतोय तुझा. हे एवढ्या लांबून सांगून जमायचं नाही, समोर बसावं लागेल. निघालोय.”

चैत्राली बाईंकडे वळली.

“कधी पोचतील?” तिनं विचारलं.

“गाण्याला तीन वर्षं लागली, माणसाला पाच लागतात. दोघं एकदमच निघाले. म्हणजे अजून दोन.”

फिरोजनं कपाळाला हात लावला. “म्हणजे आजचं शूटिंग…”

“दोन वर्षांनी. नवा नारळ मी आणीन,” चैत्राली म्हणाली.

“बरं बाई. तोवर निदान तो गंधार तरी घासूनपुसून ठेव.”

“छे!” चैत्राली आकाशाकडे बघत म्हणाली. “त्याला कोणी हात लावायचा नाही. मी सुधारले, तर ते आल्यावर करतील काय?”

आणि ती गुणगुणू लागली. गंधार आला तसा तिनं तो जपून, जरासा चढाच लावला.