खिडकीची जागा

लातूरच्या स्टँडवर शनिवारी मुखेडची गाडी लागली, की लोक दारातून नाही, खिडकीतून जागा धरतात. पंचशीलानंही टाचा उंचावून हातातला रुमाल, आपली दस्ती, आत टाकली, कोपरांनी वाट काढत वर चढली... आणि पाहते तर तिच्या खिडकीपाशी एक दांडगा गडी खुशाल बसलेला!

"उठा. माझी दस्ती आधी पडली."

"आधी?" त्यानं जरा उठून दोन बोटांनी तिची जांभळी दस्ती उचलली. खाली त्याचा टॉवेल होता. "वरची आधी पडती का खालची, मॅडम?"

"वर हाय त्याचं राज्य!"

तो असा खळखळून हसला की पुढचा कंडक्टरही वळला. मग सरकला. "बसा. पण खिडकीच काहून पाहिजे, ते सांगा."

सांगायचं काही कारण नव्हतं. तरी तिनं सांगितलं. लहानपणी आईमागं बाजाराला चालत जाताना एसटी धुरळा उडवत जायची, आणि खिडकीत एखादी बाई ऐटीत बसलेली असायची. तेव्हाच तिनं ठरवलं होतं — एसटीची खिडकी, सरकारी ऑफिसात पंख्याखाली खुर्ची, आणि हातावर घड्याळ.

"मग?"

"मिळालं की सगळं." लातूर नवा जिल्हा झाला, नवी ऑफिसं निघाली, त्यातच तिची खुर्चीही निघाली.

"मग तोंड कारलं खाल्ल्यावानी काहून?"

तिला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

तो रामकिशन, उदगीरचा, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. त्याचंही स्वप्न पुरं झालेलं. "आपण आलो की सगळ्या गावानं पळत यावं, असं लई वाटायचं. आता येतंय... घागरी घेऊन!"

पुढच्या शनिवारपासून त्याचा टॉवेल तिच्यासाठी पडू लागला. बाहेर रानं भेगाळलेली, आभाळ कोरडं ठाक. आत त्याच्या बाहीला डिझेलचा वास, आणि खड्ड्यात गाडी उसळली की खांद्याला खांदा... पंचशीलाला धड बसवेना. ऑफिसात ती सारखी घड्याळ बघायची आणि शनिवार काही येत नसे. स्वतःचाच संताप यायचा. दुष्काळात खडी फोडून लेकीला शिकवणारी तिची मुखेडची आई, नागुबाई, म्हणायची, "मागितलं ते पदरात पडलं बाई. आता हावरटपणा नको." खरंच होतं ते. रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढं हात जोडून पंचशीला मनापासून उपकार मानायची. हात सुटले की मन पुन्हा त्या टॉवेलाशी!

एका शनिवारी रामकिशन नुसता टॉवेलाची घडी घालत-मोडत होता. उदगीर जवळ आलं तेव्हा म्हणाला, "उद्या पोरगी बघायला जायचंय. मावशीनं ठरवलंय... जाऊ का?"

"मला काहून विचारता?"

"असंच."

"मग जा की!"

तो उतरला. मागं वळूनही न बघता उतरला. पंचशीला खिडकीशी बसली होती, हातावर घड्याळ होतं, आणि शेजारची जागा रिकामी होती. लहानपणीच्या त्या धुळीतल्या पोरीनं सगळं मागितलं होतं. शेजारची जागा मागायचं तेवढं तिला सुचलं नव्हतं. आता मागितली तर हावरटपणा होईल? होऊ दे!

रामकिशन अजून स्टँडवरच होता. चहाचा कप हातात, पीत मात्र नव्हता. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालणार, तोच पंचशीला खिडकीतून ओरडली, "ओ टँकरवाले! जागा धरलीय!"

"कुणासाठी?"

"पोरगी बघायची हाय म्हनलाव ना?" ती खिडकीतून आणखी बाहेर वाकली. "मग मुखेडपर्यंत शेजारी बसून बघा. पसंत पडली तर... तिच्या आईला सांगा."

कंडक्टरचा हात दोरीवरच थांबला. रामकिशननं कप तसाच टेकवला, आणि अख्ख्या गावाला पळायला लावणारा तो गडी आज स्वतः पळत सुटला.

वर येऊन बघतो तर पंचशीला अलीकडं सरकलेली, आणि खिडकीच्या जागेवर जांभळी दस्ती.

"खिडकी मला?"

"बसा आता. गाडी खोळंबली."

दस्ती उचलून त्यानं खिशात घातली, ती परत काही दिली नाही. मुखेड येईस्तोवर तो खिडकीशी बसला होता, पण एकदाही त्यानं बाहेर पाहिलं नाही.