कोपराशी सैल

जयसिंगरावांनी नव्हे, त्यांच्या यंत्रमानवाने आधी माझ्या वेणीला हात घातला.

एकोणीसशे चौसष्ट साल. बंगळूरच्या कॉलेजात मी, मथुरा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रयोगशाळेत मीटर परत करायला गेले, तर दाराशी पत्र्याचा उंच माणूस उभा. खटकन त्याचा हात वर आला आणि माझी मोगऱ्याची माळ त्याच्या बोटांत...

"स्वल्प थांबा, हलू नका," मागून आवाज आला. "मी मान फिरवायचं बटण दाबलं होतं."

"मग त्याने माझी मान धरायची होती का?"

ते हसले. एम.एस्सी.चे जयसिंगराव, आमच्याच चामराजपेटेतले, पण कधी बोलणं झालेलं नव्हतं. एकेक फूल जपून सोडवताना त्यांचे कान लाल झाले होते.

शनिवारी कॉलेजांची स्पर्धा होती आणि यंत्रमानवाने परीक्षकांना नमस्कार करायचा होता. मी त्याच्या पाठीत डोकावले. सगळ्या तारा काळ्या, शेवयांसारख्या गुंतलेल्या.

"कुठली तार कुठे जाते?"

"मला पाठ आहे."

"ते दिसलंच."

मी पदर खोचून बसले. आधी बॅटरी काढायला लावली. मग एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने शोधायची आणि दोन्ही टोकांना रंगीत दोरा बांधायचा. डाव्या हाताला तांबडा, उजव्याला हिरवा, मानेला पिवळा. मग प्रत्येक अवयवाची वेगळी जुडी. फुलं गुंफतो तशीच गाठ मारायची, देठ तुटू नये आणि फूल सुटूही नये.

"कोपराशी मात्र सैल सोडा," मी म्हटलं. "हात वाकला की तारेला लांबी जास्त लागते."

"गबाळं दिसेल."

"दिसू दे."

"सरी, सरी," त्यांनी कानडीत होकार भरला. मग खाली बघतच म्हणाले, "तुमच्या घरी लग्नाची बोलणी चाललीत..."

"कुणी सांगितलं?"

"आईने. स्थळ... आमचंच आहे."

माझ्या हातातला दोरा तिथेच थांबला. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. मी गाठ आवळली आणि म्हटलं, "मला एम.एस्सी. करायची आहे."

"करा की," ते म्हणाले. किती पटकन म्हणाले!

शनिवारी परीक्षकांसमोर डावा हात डौलात वर आला. उजवा अर्ध्यावर आला, 'टक्' असा आवाज झाला आणि तो खाली लोंबला. परीक्षकांनी थोडा वेळ दिला. मी पुढे जाऊन पाहिलं. कोपराजवळची तार ताणून, कापून, अगदी सरळ बसवलेली होती.

"हे कधी केलंत?"

"काल. नीटनेटकं दिसावं म्हणून..."

"तुम्ही 'सरी' म्हणाला होता."

मला तारेचं दुःख नव्हतं. 'करा की' हेही तसंच म्हटलेलं असेल तर?

हिरव्या दोऱ्यामुळे तुटलेल्या तारेचं दुसरं टोक लगेच सापडलं. तुकडा जोडायला मी हात पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "नको, मला करू द्या." जोडून झाल्यावर त्यांनी कोपराशी तारेचा लहानसा झोळ ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"एवढी पुरे?"

"अजून थोडी."

त्यांनी अजून थोडी सोडली. बटण दाबलं आणि पत्र्याचे दोन्ही हात हळूच जुळले.

नंबर दुसरा आला. दालन रिकामं झाल्यावर जयसिंगराव म्हणाले, "परवा मी 'करा की' म्हटलं ते विचार न करता. आज विचार केलाय. आईला सांगतो, मथुराबाईंची एम.एस्सी. होईपर्यंत थांबू. तोवर... तुमचं मन बदललं तरी चालेल."

"आणि तुमचं?"

"ते त्या मोगऱ्यात अडकलंय. सोडवायला मी गेलोच नाही."

मी वेणीतली माळ अर्धी तोडली आणि यंत्रमानवाच्या कोपराशी, त्या झोळावर बांधली.

"गबाळेपणा झाकायला?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं. "तो झोळ तुमच्या नजरेत राहावा म्हणून."