अर्जातला दुवा

अर्ज तपासताना दुवा दिसला आणि परीक्षक डॉ. हेमांगी चरफडली. इतका नेटका अर्ज, आणि शेवटी त्या शहाण्या संशोधकानं एक दुवा घुसडून ठेवलेला! नियम स्पष्ट होता. संशोधन-अनुदानाच्या अर्जात इंटरनेटवरच्या पानाचा दुवा असला, की परीक्षकानं तो न उघडता अर्ज बाद करायचा.

“अगं ताई, एवढ्याशा दुव्यापायी?” तिची धाकटी बहीण शलाका कळवळली. शलाकाच्या लेकीचे, मिहूचे, पाय दिवसेंदिवस लुळे पडत चालले होते, आणि अर्ज नेमका त्याच आजारावरच्या उपचाराचा होता. हेमांगीनं हे तिला सांगायलाच नको होतं, पण राहवलं नाही.

“हल्ली आरसापानं असतात गं. आपण इंटरनेटच्या चष्म्यातून पान वाचतो, तेव्हा पान आपल्याला वाचतं. नजर कुठे थबकली, श्वास कुठे अडला, ते टिपतं आणि तिथल्या तिथे स्वतःला बदलतं. ज्याला जे हवं, ते त्याला दाखवतं. अर्जातला मजकूर निदान सगळ्यांना सारखा दिसतो.”

“सगळीच पानं लबाड असतात?”

“नाही ना! तीच तर पंचाईत आहे. नुसतं बघून कळत नाही.”

“मग एकदाच उघड. मिहूची शपथ आहे तुला.”

शपथेपुढे हेमांगीचं काही चालेना. दोघींनी आपापले चष्मे चढवले आणि दुवा उघडला. पानावर एक मुलगी भिंतीचा आधार सोडून चालत आली. शलाकाला हुंदका फुटला. हेमांगीचेही डोळे भरून आले, आणि मग एकदम तिला धसका बसला.

“शलू, फ्रॉक कुठल्या रंगाचा दिसला तुला?”

“पिवळा. मिहूच्या वाढदिवसाचा आहे ना, तस्साच.”

हेमांगीला निळा दिसला होता.

ही लबाडी संशोधकाची की पान ठेवणाऱ्या कंपनीची, देव जाणे. उपचार खराही असेल! चष्मा काढून तिनं अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. शब्द न् शब्द पटत होता. पण सकाळी, दुवा दिसण्याआधी, तो पटला होता का? काही केल्या आठवेना. आता तर प्रत्येक ओळीतून ती मुलगीच चालत येत होती. हेमांगीला स्वतःचीच भीती वाटली. तिनं अर्ज बाद केला.

“शलू, खोटं होतं गं ते. काढ चष्मा.”

“कळलं मला,” शलाका म्हणाली. डोळ्यांवरचा चष्मा तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. “पण ताई, बघ ना, आता ती पळायला लागलीय.”