त्या दिवसाचं नाव

शिळफाट्याला हायवेच्या कडेला धर्माजीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. फौजेत वायरलेसवर नऊ वर्षं काढलेला माणूस. हात साफ, बोलणं मोजकं. बहात्तर सालच्या मार्गशीर्षात लोधिवलीची ठकूबाई भर दुपारी ट्रान्झिस्टर पदराखाली धरून आली. तिचा मुलगा मालोजी बासष्टच्या लढाईत बेपत्ता झाला होता. तो आणि धर्माजी एकाच गावचे, एकाच पलटणीतले.

"गानी लागत नाय रं. नुसती किटकिट," ती म्हणाली.

धर्माजीनं सेल बदलले, बटण फिरवलं. खरखरीतून किटकिट आली. लांब, आखूड, आखूड. एखाद्या बोटीची तार असेल, असं त्याला वाटलं. मग अक्षरं जुळत गेली आणि त्याचे हात थांबले.

फौजेत प्रत्येक सेटला हाक मारायचं एक नाव असतं, कॉलसाइन. लढाईत ते रोज बदलतं, त्या दिवसाच्या नावांचा कागद संध्याकाळी जाळतात. हे नाव धर्माजीच्याच सेटचं होतं, माघारीच्या दिवसाचं. आणि हाक मालोजीच्या हातची, पुढच्या चौकीच्या सेटवर तोच असायचा. शेवटची रेघ जराशी रेंगाळणारी. तार देणाऱ्याचा हात चालीसारखा ओळखू येतो.

त्या दिवशी माघारीचा हुकूम पुढच्या चौक्यांना कळवायचं काम धर्माजीचं होतं. तोफा जवळ आल्या, तसा तो सेट टाकून पळाला. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"काय म्हनतंय?" ठकूबाईनं विचारलं.

रेडिओ ऐकवतो, ऐकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी त्यानं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टेबलावर ठोकलं: ऐकतोय. बोल.

किटकिट थांबली. मग आली: आम्ही कधी निघायचं?

त्यानं ठोकलं: निघा.

पोच आली. त्यानंतर गाणं लागलं.

"मावशी, हुकूम मी दिलाच नवता," तो खाली बघत म्हणाला. "मालोजी माज्यामुळं ऱ्हायला तितं."

ठकूबाईनं रेडिओ उचलून पदराखाली घेतला.

"आता दिलास नव्हं? मग मी घरी जाते. त्याला यायला दार उघडं पायजे."

ती एस.टी.त चढेपर्यंत धर्माजी दारात उभा होता. आत वळला, तर फळीवरचा एक उघडून ठेवलेला, बिनसेलचा रेडिओ किटकिटत होता.

नाव तेच. हात दुसरा.

मालोजीची सोडून पुढं आणखी सहा चौक्या होत्या.