चार तबकड्या आणि एक घसा

हे खरं घडलंय. माझ्या बायकोच्या घशात घडलंय, त्यामुळे ऐकीव म्हणता येणार नाही.

२०१४. सीब. शुक्रवारची दुपार.

भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी ओमानमधली शुक्रवारची दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर मांजरसुद्धा नसतं.

मी आणि बायको सुगंधा महमूदभाईंकडे गेलो होतो. मूळ रत्नागिरीचे, सीबच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, कापडाचं दुकान, आणि छंद जुन्या तबकड्यांचा. त्यांच्याकडे एकाच गाण्याच्या चार तबकड्या होत्या. वाळवंट, चांदणं, तंबूत वाट पाहणारा शेख. जॅझ नवीन होतं तेव्हा अमेरिकेत चार वेगवेगळ्या बँडनी ते रेकॉर्ड केलेलं. त्यातल्या एकानेही उंट पाहिला नसावा.

सुगंधाला ती चाल हवी होती. कित्येक वर्षं इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती कोरसमध्ये मागे उभी राहिली होती. त्या वर्षी पहिल्यांदा एकटीने गायला मिळणार होतं. विषय ‘आखाती रंग’, कारण कोरससाठी अरबी झगे फुकट मिळत होते. मराठी शब्द माझे. मीही उंटावर बसलेलो नाही.

महमूदभाईंनी बोट चाटलं. त्या बोटाने तबकडीवरची धूळ पुसली. परत चाटलं.

मग त्याच बोटांनी बी काढून खजूर सुगंधाला दिला.

“घ्या वहिनी, फर्द जातीचा आहे. घरचाच समजा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिने खाल्ला.

पहिली तबकडी लागली. गाणं गोड. शेवटच्या ओळीआधी…

खर्रर्र…

कुणीतरी घसा खाकरला. अगदी तळापासून.

“गायकाला सर्दी झाली असेल,” मी म्हणालो.

“दुसरी ऐका,” महमूदभाई हसले.

दुसरा गायक. दुसरा बँड. शेवटच्या ओळीआधी… तेच. जरा जवळून.

तिसरीत बाई गात होती. खाकरणारा पुरुषच.

चौथीत गायकच नव्हता. नुसती वाद्यं.

खर्रर्र… ग्रामोफोनच्या भोंग्याच्या अगदी तोंडाशी. ते तोंडात घोळवल्याचाही आवाज आला.

“थुंकत का नाही मेला?” सुगंधा म्हणाली.

महमूदभाई हसायचे थांबले. “तेच तर, वहिनी. एकाही तबकडीत नाही थुंकत.”

दुसऱ्या दिवशी दार्सैतला, आमच्या घरी, सुगंधाने सरावासाठी फोनवर गाणं रेकॉर्ड केलं. मी समोर बसलो होतो. ती मधे कुठेही थांबली नाही.

आम्ही ते ऐकलं. शेवटच्या ओळीआधी…

खर्रर्र…

आणि मग, पहिल्यांदाच…

थू.

सुगंधाने तोंडावर हात दाबला. “माझ्या जिभेवर काहीतरी आहे.”

ती बेसिनमध्ये थुंकली. काळं. चकचकीत. चिकट. तबकडीच्या रंगाचं. नळाने गेलं नाही. चमच्याने खरवडावं लागलं. तो चमचा मी फेकून दिला. रेकॉर्डिंगही पुसून टाकलं.

“नाव मागे घे,” मी म्हणालो.

“आता? साडीला फॉल लावून झालाय!”

कार्यक्रमात ती सुंदर गायली. खरंच. शेवटच्या ओळीआधी थांबली. ओठ घट्ट मिटलेले. गाल फुगलेले. हॉलभर मंडळी, पुढच्या रांगेत अध्यक्ष. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. थुंकू नको.

तिने गिळलं.

टाळ्या पडल्या. लोकांना तो अभिनय वाटला.

त्यानंतर ती गायलेली नाही. डॉक्टर म्हणाले, धुळीची ॲलर्जी. इथे सगळ्यालाच तसं म्हणतात. बोलते नीट. फक्त वाक्यातल्या शेवटच्या शब्दाआधी जरा… थांबते. जेवताना ती थांबली, की मी तिच्या ताटाकडे पाहत नाही.

परवा महमूदभाईंचा फोन आला.

“भाऊ, वहिनींचं ते पाचवं रेकॉर्डिंग पाठवा ना. सेट पुरा होईल.”

“पुसलं मी ते. आणि तुम्हाला कुणी सांगितलं त्याबद्दल?”



पलीकडून…

खर्रर्र…

मी फोन झटकन कानापासून लांब धरला. भीतीने नाही, किळस आली म्हणून.

तरी कान पुसला.

ओला होता.